मी तिथे थांबलोच नव्हतो

जनावराला दुखतं, पण आपल्याइतकं नाही. हे वाक्य मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत शेतकऱ्यांना सांगितलं, त्यांच्या पोरांना सांगितलं आणि सगळ्यांत जास्त वेळा स्वतःला सांगितलं. किनवट तालुक्यातल्या दवाखान्यांत मी पशुधन पर्यवेक्षक होतो. लसीकरण, कृत्रिम रेतन, जखमा धुणं, टाके घालायला मदत करणं आणि गोऱ्ह्यांचं खच्चीकरण. या शेवटच्या कामात माझा हात चांगला आहे असं लोक म्हणत, मलाही तसंच वाटे. ते वाक्य खोटं होतं. खोटं आहे हे कळण्याची साधनंही कायम माझ्या आसपास होती. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आमच्याकडे बैलाशिवाय शेती होत नाही, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. पैनगंगेच्या काठची काळी रानं सोडली, तर तालुक्याचा बराच भाग डोंगराळ. सागाच्या जंगलातून वर चढणाऱ्या वाटा, उतारावरच्या वावरांचे तुकडे, कोलामांचे पोड, गोंडांचे गुडे, बंजाऱ्यांचे तांडे. तिथे ट्रॅक्टर चढत नाही, चढला तरी भाडं परवडत नाही. तिफण, वखर, डवरा सगळं बैलाच्या खांद्यावर. लाल कंधारी ही आमच्याच नांदेड जिल्ह्याची जात, मध्यम बांध्याची, काटक, उन्हाला न हरणारी. लातूरकडून देवणीही येते. गोऱ्हा अडीच-तीन वर्षांचा झाला, अंगात मस्ती आली, की मालक दवाखान्यात येऊन सांगायचा, आणि मी बर्डिझो घेऊन शेतातल्या आखाड्यावर जायचो.

बर्डिझो म्हणजे लांब दांड्यांचा, बोथट जबड्याचा चिमटा. कातडी न फाडता आतली शीर चेंगरायची, एका बाजूची आधी, मग दुसऱ्या बाजूची. मी लहान होतो तेव्हा गावात हे काम दोन लाकडांच्या मध्ये धरून ठेचून करत. ते मी पाहिलं आहे, ऐकलंही आहे. त्यामुळे चिमटा हातात आला तेव्हा मी स्वतःला दयाळू माणूस समजू लागलो. रक्त नाही, उघडी जखम नाही, पावसाळ्यात अळ्या पडायची भीती नाही. हे सगळं खरंच आहे, आणि म्हणूनच ही पद्धत आपल्याकडे रुजली. पण त्याच्यापुढे मी मनात एक पायरी वाढवली होती, जिला कसलाच आधार नव्हता: रक्त नाही, म्हणजे वेदनाही फारशी नाही. गोऱ्हा चिमटा लागताना धडपडायचा, दोन-चार लाथा मारायचा, दोर सुटला की उठून उभा राहायचा आणि गप्प व्हायचा. गप्प झाला म्हणजे दुखणं संपलं, असा माझा हिशेब. मी हात धुवायचो, चहा घ्यायचो आणि मोटारसायकल सुरू करायचो.

प्राण्यांच्या वेदनेबद्दल कुणी बोललं की मला राग यायचा. त्या रागाचं कारण आज मला स्पष्ट दिसतं. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. आमच्या भागातले शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, त्याच्या आधीपासूनच न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकले होते. त्या निकालात पाच स्वातंत्र्यांची भाषा होती: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-इजा-आजारापासून, भीती आणि ताणापासून मुक्तता, आणि आपल्या जातीला साजेसं वागण्याची मोकळीक. ही मांडणी इंग्लंडात 1965 च्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालातून वाढत आली, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच वाटलं की ज्यांनी कधी दावं धरलं नाही त्यांनी आम्हाला शिकवू नये. वर माझ्या बाजूने कायदा होता. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमातच सांगितलं आहे की विहित रीतीने केलेलं खच्चीकरण, वेसण घालणं, डाग देणं, शिंगं काढणं हे क्रूरतेत धरलं जाणार नाही. हे कलम मला तोंडपाठ होतं. कायद्याने ज्याला क्रूरता म्हटलं नाही, त्यात दुखतही नाही, असं मी धरून चाललो. माणूस आपल्या सोयीसाठी किती सहज एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतो!

जनावराचं दुखणं मला दिसतच नव्हतं, असंही नाही. बैल लंगडायला लागला, मान सुजली, जू लावू देईना, की मालक धावत यायचा आणि मी वेदनाशामक टोचायचो. पूर्वी डायक्लोफेनॅक सर्रास दिलं जायचं. मेलेल्या जनावरांतून तेच औषध गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त संपली. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅमचा वापर वाढला. म्हणजे वेदनाशामक माझ्या पिशवीत नेहमी होतं, फक्त काम अडलं तरच ते बाहेर निघायचं. बैल कामाला जुंपता येत नाही तेव्हा त्याला दुखतं, आणि जुंपायचाच नसतो तेव्हा दुखत नाही. माझी सगळी समज या एका वाक्यात मावत होती. हे लिहिताना लाज वाटते.

आणि मला सांगणारं कुणी नव्हतं, असंही म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी लसीकरणाला त्याच वस्तीत गेलो की घरातली बाई सांगायची, "साहेब, रातभर बसलंच नाही ते. नुसतं उभं होतं." कुणी म्हणायची, कडब्याला तोंड लावलं नाही. एका म्हातारीने सांगितलं होतं की तिचा गोऱ्हा रात्रभर दात खात होता. माझं उत्तर ठरलेलं: "होतं तसं मावशी, दोन दिवसांत हिंडायला लागेल." शेण काढणारी, पाणी दाखवणारी, चारा टाकणारी तीच होती, त्यामुळे दुसरा दिवस तिलाच दिसायचा. तिचं बोलणं मी बायकांचा हळवेपणा म्हणून सोडून दिलं. दात खाणं हे गाईबैलांत वेदनेचं ओळखीचं लक्षण आहे, ते आमच्या प्रशिक्षणातही होतं. म्हातारीने सांगितल्यावर मात्र मला ते लक्षण वाटलं नाही.

माझ्या निवृत्तीच्या काही वर्षं आधी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेली एक तरुण डॉक्टर आमच्याकडे रुजू झाली. मला ती काका म्हणायची. खच्चीकरणाआधी दोन्ही बाजूंच्या शिरेजवळ लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध टोचायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग चिमटा लावायचा आणि मेलॉक्सिकॅम द्यायचं, असा तिचा आग्रह होता. मी विरोध केला नाही, टाळाटाळ केली. एका आखाड्यावर एकाच मालकाचे दोन गोऱ्हे होते, एकाच वयाचे, दोन्ही लाल. ती दुसऱ्या गावात अडलेली गाय सोडवून येणार होती. मी तिची वाट न पाहता पहिल्याचं काम उरकून घेतलं, वेळ वाचेल म्हणून. ती आली. काही बोलली नाही. दोघांनाही मेलॉक्सिकॅम दिलं, म्हणाली, "याला चढायला वेळ लागेल." मग दुसऱ्याला लिग्नोकेन टोचलं, थांबली आणि चिमटा मला लावायला सांगितला. मी लावला. दोन्ही गोऱ्हे दावणीला शेजारी शेजारी बांधले.

मी हात धुवून पिशवी आवरू लागलो. ती म्हणाली, "काका, तासभर बसू या का इथे?"

हा प्रश्न मला नोकरीत कुणी विचारला नव्हता. मी वैतागलो, पण ती बाजेवर बसलीच होती, आणि डॉक्टर बसली असताना पर्यवेक्षकाने निघून जाणं बरं दिसलं नसतं. तिने पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्या हातात दिला. ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्य विद्यापीठाच्या बोतुकातू इथल्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी होती ती. खच्चीकरणानंतर बैलाला किती दुखतं हे त्याच्या वागण्यावरून कसं ओळखायचं, ते त्यात होतं. चालतो कसा, आजूबाजूला लक्ष आहे का, काही करतो की नुसता उभा आहे, खातो का, रवंथ करतो का. पाठ कमानीसारखी वर काढतो का, मागचे पाय मागे ताणून उभा राहतो का, डोकं पाठीच्या रेषेच्या खाली जातं का, शेपटी झटक्याने पुन्हा पुन्हा हलवतो का, पाय आपटतो का. ती म्हणाली, "तुम्ही बघा आणि खुणा करा. मी सांगणार नाही."

मी दुसऱ्यापासून सुरुवात केली, कारण तो सोपा होता. लाथाही त्याने फारशा मारल्या नव्हत्या. थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं, मग समोरचा कडबा ओढायला लागला, आणि पुढे रवंथ सुरू झाली. त्याच्या नावापुढे मला काही लिहावं लागलं नाही.

मग मी पहिल्याकडे पाहिलं. तो गप्प होता. मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक गोऱ्ह्यासारखा गप्प. पण हातात कागद होता म्हणून मला एकेक अवयव वेगळा पाहावा लागला. मागचे पाय फाकलेले आणि मागे ताणलेले. पाठ वर आलेली. डोकं खाली, वशिंडाच्या बरंच खाली. कान मागे. माशी नसताना शेपटी झटक्यासरशी उडत होती. मधेच एक मागचा पाय उचलायचा, टेकवायचा, पुन्हा उचलायचा. कडबा तोंडाशी होता, त्याने हुंगलाही नाही. शेजारचा खात होता, त्याच्या तोंडातून काड्या याच्या पुढ्यात पडत होत्या, तरी याची नजर तिकडे गेली नाही. बसावंसं वाटत असावं. गुडघे जरा वाकवायचा आणि पुन्हा ताठ उभा राहायचा. हे त्याने मी पाहत असताना अनेकदा केलं. "रातभर बसलंच नाही ते." कुणाकुणाचा आवाज होता तो, मला आता आठवतही नाही, पण वाक्य जसंच्या तसं कानात आलं.

मी खुणा करत गेलो. कागदावरची जवळजवळ प्रत्येक ओळ भरली.

मला काही विलक्षण दिसलं नव्हतं. हंबरडा नाही, रक्त नाही, लोळणं नाही. ज्याला मी शांतता समजत होतो तिच्यातच सगळं होतं, आणि ते पाहायला तासभर बसण्याखेरीज काही लागत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी कधी बसलो नव्हतो. दुखत नाही याचा माझा पुरावा काय होता? मला दिसलं नाही, हा. आणि मला का दिसलं नाही? कारण दिसायला लागायच्या आत मी निघालेला असायचो. चिमट्याची कळ क्षणाची असते, पण नंतर सूज येते, ठणका धरतो, आणि तो तास, ती रात्र, पुढचे दिवस मी कधी पाहिलेच नव्हते. ज्याने पाहिलंच नाही तो माणूस सगळ्या तालुक्याला छातीठोक सांगत फिरत होता.

त्यानंतर मी वाचायला लागलो. डॉक्टर मजकूर आणून द्यायची, अडलं तर समजावून सांगायची. आयर्लंडमध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमका बर्डिझोवरच होता. चिमट्यानंतर रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलं, आणि केटोप्रोफेन हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांत ते बरंच कमी राहिलं. ते औषध आपल्याला चालणार नाही. गिधाडांना तेही मारतं, म्हणून 2023 मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना सुरक्षित आहे. ब्राझीलची ती मोजपट्टी ज्या बैलांवर तयार झाली ते नेलोर जातीचे, आणि नेलोर म्हणजे आंध्रातल्या ओंगोलची तिकडे गेलेली पिढी. वशिंडवाल्या, आपल्याच रक्ताच्या जनावराचं दुखणं ओळखायला बोतुकातूच्या लोकांनी तासन् तास चित्रीकरण पाहिलं. आमच्या वस्त्यांवरच्या बायका तेच रोज पाहत होत्या आणि मला सांगत होत्या.

गाय-बैल वेदना लपवतात याला कारण आहे. कळपात राहणाऱ्या, वाघाचं भक्ष्य असणाऱ्या प्राण्याने कळवळून ओरडणं म्हणजे आपण अधू झालो हे शिकाऱ्याला कळवणं. किनवटच्या जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाला हे समजायला पुस्तक लागू नये. मला लागलं.

वाचता वाचता मी नाकारलेल्या आणखीही गोष्टी पुढे आल्या. बाजारात बैल घेताना आमचे जुने लोक कपाळावरचा भोवरा बघतात. मी त्याला अंधश्रद्धा म्हणून हसायचो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकी संशोधिकेने 1995 मध्ये सुमारे 1500 जनावरं पाहून दाखवलं की ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असतो, ती खोड्यात जास्त बिथरतात. भोवऱ्याने घराचं बरंवाईट होतं, हे मी आजही मानणार नाही. पण भोवऱ्यावरून स्वभावाचा अंदाज बांधणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना काहीतरी दिसत होतं, एवढं कबूल करायला हवं. तसंच जोडीचं. जोडीतला एक गेला की दुसरा वैरण सोडतो, असं शेतकरी सांगायचा तेव्हा मी हवापालटाचं कारण द्यायचो. इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टन विद्यापीठात क्रिस्टा मॅकलेनन यांनी गाईंच्या हृदयाचे ठोके मोजले. आवडत्या सोबतिणीबरोबर असताना ते कमी होते, अनोळखी गाईबरोबर जास्त. मग माळेगावच्या यात्रेत वर्षानुवर्षं एका जुवाखाली चाललेली जोडी फोडून दोन गिऱ्हाइकांना विकतात, तेव्हा त्यांच्या आत काय होत असेल?

आणि वेदनेचा विचार शहरातून आला, ही तक्रार तर मला सगळ्यांत आधी सोडावी लागली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी खांदशेकणी व्हायची. हळद आणि तूप कोमट करून बैलाचा खांदा शेकायचा, चोळायचा. वडील ते फार मन लावून करायचे. खांदा दुखतो हे ठाऊक असल्याशिवाय कुणी असला सण लावत नाही.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. गोऱ्हा जितका लहान तितका त्रास कमी, असं बहुतेक अभ्यास सांगतात. पण आमचा शेतकरी मुद्दाम उशीर करतो, कारण लवकर केलं तर मान आणि छाती भरत नाही, आणि ओढकामाच्या बैलाला मानच लागते. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. म्हणून मी वयावर वाद घालत नाही, औषधावर घालतो. लिग्नोकेन महाग नाही, खरी अडचण थांबण्याची आहे. एका वस्तीवर बरीच जनावरं असली की प्रत्येकामागे पंधरा मिनिटं कुणाला परवडत नाहीत, ना शेतकऱ्याला, ना कर्मचाऱ्याला. आम्ही एक उपाय काढला: ओळीने सगळ्यांना टोचत जायचं आणि शेवटच्याला टोचून झालं की पहिल्यापाशी परत यायचं. वेसण टोचताना मात्र अजून बहुतेक ठिकाणी काही दिलं जात नाही, आणि मीही नोकरीत असेपर्यंत तो आग्रह धरला नाही. शंकरपटाबद्दल माझं मन अजून स्थिर नाही. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने शर्यतींना अटींसह परवानगी दिली तेव्हा गावात फटाके वाजले. मला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. धावणाऱ्या बैलाच्या मनात काय असतं ते मला सांगता येत नाही, आणि आता मी न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलायला घाबरतो.

त्या दिवशी आखाड्यावरून निघताना मालकाने मला बाजूला घेतलं. दोन्ही गोऱ्ह्यांमधला फरक त्यालाही दिसला होता. तो म्हणाला, "आधीच्या बैलायला का नाही देलं हे इंजेक्शन?" त्याच्या घरची कितीतरी जनावरं माझ्या हाताखालून गेली होती.

मी म्हणालो, "तेव्हा ही सोय नव्हती."

सोय होती. बैलाच्या शिंगाला कर्करोग झाला की शिंग कापताना आम्ही लिग्नोकेनच टोचायचो. गाईचं सड फाटलं तर टाके घालतानाही तेच. तिथे ते द्यावंच लागायचं, नाहीतर जनावर हलतं, टाका चुकतो, कापणाऱ्याला इजा होते. म्हणजे तिथेही ते आमच्यासाठीच होतं. बाटली पहिल्या दिवसापासून माझ्या पिशवीत असायची, चिमट्याच्या शेजारी. हे मी त्या शेतकऱ्याला अजून सांगितलेलं नाही. पुढच्या बाजाराला तो किनवटला येईल तेव्हा सांगणार आहे.